डिजिटल स्कॅनर नीट लावण्याची रीत : शिकागोच्या पश्चिम उपनगरांतून

डिजिटल स्कॅनर, म्हणजे अग्निशमन दल, पोलीस यांसारख्या सेवांचे रेडिओवरील बोलणे ऐकवणारे यंत्र, हाती आल्यावर बहुतेक जण त्यात मावेल तेवढे भरतात. मीही पहिल्या हिवाळ्यात तेच केले होते. संपूर्ण इलिनॉय राज्याची यादी यंत्रात उतरवली आणि आठवडाभर रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या गाड्यांचे बोलणे ऐकत बसलो. दरम्यान आमच्याच वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर एका गॅरेजला आग लागली, बंब येऊन गेले, आणि त्यातले एक अक्षरही माझ्या कानी पडले नाही. दोष यंत्राचा नव्हता. स्कॅनर एका वेळी एकच चॅनल ऐकू शकतो आणि मी त्याला हजार दारांना कान लावायला सांगितले होते. म्हणून इथे सांगितलेली रीत उलटी आहे: आधी आपल्या गावाची माहिती कागदावर जमवायची आणि मग मोजकेच चॅनल यंत्रात भरायचे. उदाहरणे ड्यूपेज, विल आणि केन या काउंटींच्या परिसरातली आहेत, कारण मला तोच भाग ठाऊक आहे. मात्र अमेरिकेत अन्यत्र राहणाऱ्यांनाही याच पायऱ्या लागू पडतील.

यंत्र चालू करण्यापूर्वी कायदा समजून घेतलेला बरा. अमेरिकेत 1986 च्या इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशन्स प्रायव्हसी ॲक्टनुसार पोलीस, अग्निशमन दल यांसारख्या सेवांचे सर्वांना सहज ऐकता येईल असे, म्हणजे कूटबद्ध न केलेले, रेडिओ संभाषण ऐकण्यास मुभा आहे. मात्र 1934 च्या कम्युनिकेशन्स ॲक्टचे कलम 705 असे ऐकलेले संभाषण स्वतःच्या फायद्यासाठी वापरण्यावर बंधने घालते, आणि कूटबद्ध संभाषण फोडणे हा सरळसरळ गुन्हा आहे. राज्यांचे कायदे आणखी निराळे आहेत. न्यूयॉर्क आणि मिनेसोटात गाडीत स्कॅनर ठेवण्यावर निर्बंध आहेत, इंडियाना आणि केंटकीतही सोबत नेता येण्याजोग्या यंत्रावर मर्यादा आहेत, त्यामुळे शिकागोहून गाडीने इंडियानात शिरताना हातातला स्कॅनर सीटवर पडलेला असणे शहाणपणाचे नाही. या राज्यांमध्ये हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवानाधारकांना बहुतांशी सूट असते. परवान्याच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेत 35 प्रश्न असतात आणि 26 बरोबर आले की उत्तीर्ण होता येते, तेव्हा या छंदात रमणाऱ्याने ती देऊन टाकावी. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगतो: हे यंत्र पुण्यातल्या भाच्यासाठी बॅगेत भरू नये. भारतात 1933 च्या कायद्याने बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगण्यास मनाई केली होती आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी सरकारची अनुमती आवश्यक ठरवली आहे.

आता कागद घ्यावा. पहिला प्रश्न तांत्रिक नाही: आपल्या घरी 911 लावल्यावर नेमके कोण येते? इथे पुष्कळ जण फसतात. पत्त्यावर ऑरोरा लिहिलेले असते, पण ऑरोरा शहर केन, ड्यूपेज, केंडल आणि विल अशा चार काउंटींमध्ये पसरले आहे. शिवाय इलिनॉयमध्ये फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट ही स्वतंत्र कर लावणारी संस्था असते आणि तिची हद्द गावाच्या हद्दीशी जुळेलच असे नाही. याचे उत्तर शोधण्याची माझी युक्ती अगदी घरगुती आहे. मालमत्ता कराचे बिल काढावे आणि त्यात कोणकोणत्या संस्थांना पैसे जातात ते वाचावे. फायर डिस्ट्रिक्टचे नाव तिथे असेल तर तेच आपले दल; नसेल तर बहुधा शहराचे स्वतःचे अग्निशमन दल आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी काउंटीच्या नकाशावर पत्ता टाकून पाहावा. त्यानंतर त्या दलाचे डिस्पॅच, म्हणजे रेडिओवरून पथकांना घटनास्थळी धाडण्याचे काम, कोणत्या केंद्रातून होते हे शोधावे, कारण अनेक गावे मिळून एकच केंद्र चालवतात आणि ऐकायचा चॅनल गावाच्या नावाने नव्हे, तर केंद्राच्या नावाने नोंदलेला असतो.

दुसरा प्रश्न असा, की ही सेवा साध्या फ्रिक्वेन्सीवर बोलते की ट्रंकिंग पद्धतीच्या यंत्रणेवर. साधी पद्धत समजायला सोपी आहे: एक फ्रिक्वेन्सी म्हणजे एक चॅनल. इलिनॉयमधील अग्निशमन दलांच्या परस्पर साहाय्याची मॅबास ही व्यवस्था 1968 पासून चालू आहे आणि तिचा मुख्य चॅनल, ज्याला आयफर्न म्हणतात, आजही 154.265 मेगाहर्ट्झवर साध्या ॲनालॉग आवाजात 210.7 हर्ट्झच्या टोनसह, म्हणजे नको ते प्रक्षेपण गाळता यावे म्हणून आवाजाखाली मिसळलेल्या सुरासह, चालतो. मोठी आग लागली आणि शेजारच्या गावांचे बंब मागवले गेले की त्याची हाक इथे ऐकू येते. माझ्या मते या परिसरात नवख्या माणसाने पहिला चॅनल हाच भरावा, कारण त्यावर फारशी वर्दळ नसते आणि जे येते ते ऐकण्याजोगे असते. रुग्णवाहिका आणि रुग्णालय यांच्यातील बोलण्यासाठी मर्सी या जाळ्याची 155.340 ही जुनी फ्रिक्वेन्सीही यादीत असू द्यावी, मात्र तिथे रुग्णाची माहिती सांगितली जाते, तेव्हा ऐकणाऱ्याने ती कानापाशीच ठेवावी.

ट्रंकिंग समजून घेण्यासाठी बँकेतील टोकनची व्यवस्था आठवावी. काउंटर पाच असतात, ग्राहक पन्नास. कोणत्या क्रमांकाच्या टोकनने कोणत्या काउंटरवर जायचे हे वरच्या फलकावर सतत झळकत असते. ट्रंकिंगमध्ये हा फलक म्हणजे कंट्रोल चॅनल, काउंटर म्हणजे आवाजासाठीच्या फ्रिक्वेन्सी, आणि टोकन म्हणजे टॉकग्रुपचा, म्हणजे आपसात बोलणाऱ्या रेडिओंच्या गटाचा, क्रमांक. अग्निशमन दलाचा डिस्पॅच टॉकग्रुप आता एका फ्रिक्वेन्सीवर बोलेल आणि अर्ध्या मिनिटाने दुसऱ्या. जो माणूस एकाच काउंटरकडे पाहत बसेल त्याला निरनिराळ्या ग्राहकांच्या बोलण्याचे तुकडे ऐकू येतील. जो फलक वाचेल त्याला आपल्या माणसामागे जाता येईल. डिजिटल ट्रंकिंग स्कॅनरचे मुख्य काम हेच आहे. तो कंट्रोल चॅनल वाचत राहतो, आपण दिलेला टॉकग्रुप तिथे पुकारला गेला की त्या फ्रिक्वेन्सीवर उडी मारतो आणि बोलणे संपले की परत येतो.

इलिनॉयमध्ये राज्यभर पसरलेल्या अशा यंत्रणेचे नाव स्टारकॉम21. ती पी25 या डिजिटल रेडिओच्या प्रमाणानुसार 700 आणि 800 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालते. राज्य पोलीस तिच्यावर आहेत आणि अनेक काउंटी व गावेही. पी25 चे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात 12.5 किलोहर्ट्झच्या एका चॅनलवर एक संभाषण चालते. दुसऱ्यात त्याच रुंदीत वेळेचे दोन हिस्से पाडून दोन संभाषणे बसवली जातात. केवळ पहिला टप्पा समजणारा जुना स्कॅनर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. दुसऱ्या टप्प्यावर चालणारा टॉकग्रुप त्याला ऐकूच येणार नाही.

ही सारी माहिती रेडिओरेफरन्स या डेटाबेसमध्ये राज्य, मग काउंटी, मग यंत्रणा अशा क्रमाने मिळते. पान उघडल्यावर आकड्यांचा डोंगर दिसतो, पण त्यातल्या तीनच गोष्टी पाहायच्या असतात. पहिली, साइटची यादी: प्रत्येक साइट म्हणजे एक मनोरा किंवा एकत्र चालणाऱ्या मनोऱ्यांचा गट. आपल्या काउंटीची साइट शोधावी आणि तिच्यापुढील फ्रिक्वेन्सींपैकी ज्या लाल किंवा निळ्या रंगात आहेत त्या टिपून घ्याव्यात. लाल म्हणजे मुख्य कंट्रोल चॅनल आणि निळा म्हणजे पर्यायी. पी25 साठी एवढ्या पुरतात, कारण उरलेल्या फ्रिक्वेन्सी कोणत्या हे कंट्रोल चॅनल स्वतःच सांगत असतो. दुसरी गोष्ट टॉकग्रुपचा दशमान क्रमांक. आणि तिसरी, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ती मोडच्या रकान्यातील अक्षरे. तिथे डी म्हणजे डिजिटल आणि टी म्हणजे दुसऱ्या टप्प्याचे डिजिटल. त्यापुढे मोठ्या लिपीतला ई असेल तर तो टॉकग्रुप कायम कूटबद्ध आहे आणि लहान लिपीतला असेल तर अधूनमधून. मोठा ई दिसला की तो क्रमांक यादीतून काढून टाकावा. त्यावर कोणताही स्कॅनर, कितीही महाग असो, चालणार नाही.

आणि हे आधीच सांगायला हवे, की पोलिसांचे बोलणे ऐकण्याची आशा घेऊन स्कॅनर विकत घेणाऱ्यांची आता बहुधा निराशा होते. शिकागो पोलिसांनी आपले चॅनल कूटबद्ध केले आणि जनतेसाठी अर्ध्या तासाच्या विलंबाने ध्वनी उपलब्ध ठेवला. न्यूयॉर्क शहरातही 2023 पासून पोलिसांचे चॅनल कूटबद्ध होऊ लागले. उपनगरांतही कल तोच आहे. अग्निशमन आणि रुग्णवाहिकांचे डिस्पॅच मात्र बऱ्याच ठिकाणी खुले आहे. म्हणून कागदावरची यादी पूर्ण होईपर्यंत पाकिटाला हात लावू नये. यादीत केवळ आयफर्नसारखे ॲनालॉग चॅनल उरले, तर शंभर डॉलरच्या आसपासचा साधा स्कॅनर पुरेसा आहे.

यादीत पी25 असेल तर यंत्राच्या निवडीत सायमलकास्ट हा शब्द निर्णायक ठरतो. काउंटीतील अनेक मनोरे एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर, तेच संभाषण प्रक्षेपित करतात. दलाच्या जवानाला काउंटीत कुठेही आवाज मिळावा हा त्यामागचा हेतू; परंतु आपले घर दोन मनोऱ्यांच्या मध्ये असेल तर दोन्हींच्या लहरी किंचित मागेपुढे येऊन एकमेकींत मिसळतात आणि स्कॅनरला आकडे वाचता येत नाहीत. सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या दिसतात, तरी आवाज पाण्यात बुडाल्यासारखा तुटतो किंवा येतच नाही. दलांचे स्वतःचे रेडिओ यासाठी निराळ्या रचनेचे असतात. युनिडेनने 2018 मध्ये आणलेला हातातला एसडीएस-100 आणि 2019 मधला टेबलावरचा एसडीएस-200 हे या अडचणीला तोंड देऊ शकणारे स्कॅनर आहेत. त्याआधीचा बीसीडी-436एचपी उत्तम यंत्र आहे, पण सायमलकास्टमध्ये तो अडखळतो. संगणकाची आवड असणाऱ्यांना आरटीएल-एसडीआर हा छोटा यूएसबी रिसीव्हर आणि एसडीआरट्रंक हे मोफत सॉफ्टवेअर यांतूनही हेच काम फार थोड्या खर्चात करता येते, मात्र त्यासाठी संगणक सतत चालू ठेवावा लागतो.

पुढील पायऱ्या एसडीएस-100 आणि त्याच्या सेंटिनेल या विंडोज सॉफ्टवेअरच्या आहेत. बीसीडी-436एचपीसाठीही जवळपास याच. प्रथम सेंटिनेलमध्ये मुख्य डेटाबेस अद्ययावत करून घ्यावा. स्कॅनर यूएसबीने जोडल्यावर तो विचारतो तेव्हा मास स्टोरेज हा पर्याय निवडावा, आणि त्यात आधीपासून काही भरलेले असेल तर सर्वप्रथम ते संगणकावर वाचून जपून ठेवावे, कारण पुढे लिहिताना जुने पुसले जाते. मग नवी फेव्हरिट्स लिस्ट तयार करून तिला आपल्या गावाचे नाव द्यावे आणि एक क्विक की, म्हणजे लिस्ट झटकन चालू-बंद करण्याचा क्रमांक, नेमावा. डावीकडच्या डेटाबेसमधून राज्य, काउंटी असे उतरत जाऊन स्टारकॉम21 मधील आपल्या काउंटीचा विभाग तेवढा या यादीत जोडावा. पूर्ण यंत्रणा जोडण्याचा मोह इथेच होतो आणि इथेच तो आवरायचा असतो.

जोडून झाल्यावर छाटणी करावी. साइटमध्ये फक्त आपली आणि फार तर शेजारच्या काउंटीची ठेवावी. जी साइट आपल्या घरी ऐकूच येत नाही तिच्यापाशी स्कॅनर प्रत्येक फेरीत थांबून वेळ घालवतो. टॉकग्रुपमध्ये कागदावरच्या यादीप्रमाणे डिस्पॅच आणि दोन-तीन फायरग्राउंड, म्हणजे आगीच्या ठिकाणी जवान आपसात बोलतात ते, चॅनल ठेवावेत. आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी: एखादा टॉकग्रुप एखाद्या साइटवर तेव्हाच प्रक्षेपित होतो, जेव्हा त्या टॉकग्रुपवर असलेला निदान एक रेडिओ त्या साइटशी जोडलेला असतो. म्हणून पन्नास मैलांवरच्या भावाच्या गावचे डिस्पॅच आपल्या मनोऱ्यावरून ऐकू येईल अशी अपेक्षा ठेवू नये, यंत्रणा एकच असली तरी. आयफर्नसाठी वेगळी साधी सिस्टीम तयार करून फ्रिक्वेन्सी, एफएम मोड आणि 210.7 चा टोन भरावा. टोन न भरल्यासही आवाज येईल, पण दूरच्या ठिकाणचे आणि विजेच्या उपकरणांचे खरखरणेही सोबत येईल.

यादी स्कॅनरमध्ये लिहिल्यावर यंत्र गप्प राहिले, तर घाबरून सारे पुसू नये. दहापैकी नऊ वेळा कारण सर्व्हिस टाइपचे असते. या यंत्रांत प्रत्येक चॅनलला फायर डिस्पॅच, ईएमएस (रुग्णवाहिका) डिस्पॅच, लॉ (पोलीस) डिस्पॅच असा एक प्रकार जोडलेला असतो आणि तो प्रकार मेनूमध्ये बंद असेल तर यादीत असूनही तो चॅनल स्कॅनर वगळतो. स्वतः हाताने भरलेल्या चॅनलचा प्रकार बहुधा कस्टम राहून जातो, आणि नेमका तोच बंद असतो. मी यावर एक पूर्ण रविवार घालवला आहे. त्यानंतर फेव्हरिट्स लिस्टसाठी डाउनलोड आणि मॉनिटर हे दोन्ही पर्याय चालू आहेत का, आणि क्विक कीने लिस्ट किंवा विभाग बंद तर झालेला नाही ना, हे तपासावे. लिस्टसाठी स्थानाचा वापर चालू असेल तर यंत्रात भरलेला झिप कोड आणि अंतर हेही पाहावे. एसडीएस मालिकेत स्क्वेल्च, म्हणजे कमकुवत सिग्नल गाळण्याची पातळी, फार वर ठेवल्याने कमकुवत कंट्रोल चॅनल सुटतो. 2 च्या आसपास ठेवावा.

यंत्र आणि अँटेना ठीक आहेत की नाही हे पडताळण्यासाठी हवामान विभागाचे प्रक्षेपण उत्तम, कारण ते चोवीस तास चालू असते. देशभर त्यासाठी 162.400 पासून 162.550 पर्यंत सात फ्रिक्वेन्सी आहेत आणि शिकागोचे केंद्र 162.550 वर आहे. ते स्वच्छ ऐकू आले आणि स्टारकॉम21 आले नाही, तर दोष भरलेल्या माहितीत किंवा 700–800 मेगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये आहे एवढे निश्चित होते. जाता जाता यंत्रातच हवामान इशाऱ्याची सोयही लावून घ्यावी. काउंटीचा सहा अंकी कोड भरला की त्या काउंटीपुरता इशारा आल्यावर यंत्र वाजते. ड्यूपेजसाठी तो 017043, विलसाठी 017197 आणि कुकसाठी 017031 आहे. साप्ताहिक चाचणी बहुधा बुधवारी दुपारच्या आधी होते, तेव्हा सेटिंग बरोबर आहे का ते त्या दिवशी कळेल. टोर्नेडोच्या रात्री तळघरात बसलेल्या कुटुंबाला स्कॅनरचा खरा उपयोग या एका सोयीने होतो, असे माझे मत आहे.

कंट्रोल चॅनल सापडूनही आवाज तुटत असेल तर पडद्यावरील डी-एरर हा, वाचताना होणाऱ्या चुका दाखवणारा, आकडा पाहत यंत्र घरातल्या घरात हलवून पाहावे. सायमलकास्टमध्ये हातभर सरकवल्यानेही फरक पडतो, आणि खिडकीपेक्षा एखादा आतला कोपरा चांगला निघण्याचेही नवल वाटू नये, कारण तिथे भिंतींमुळे दुसऱ्या मनोऱ्याचा सिग्नल अडतो. याच कारणाने सिग्नल वाढवण्यासाठी ॲम्प्लिफायर लावणे बहुधा निरुपयोगी ठरते. अडचण कमी सिग्नलची नसून जास्त सिग्नलची असते. एकाच मनोऱ्याकडे तोंड करणारा यागी अँटेना मात्र उपयोगी पडतो.

अँटेनाच्या लांबीचा हिशेब सोपा आहे. पाव लहरीचा अँटेना 155 मेगाहर्ट्झला सुमारे 48 सेंटिमीटर लागतो, तर 860 ला जेमतेम 9. यंत्रासोबत येणारी रबराची काडी या दोन्हींमधली तडजोड असते. ज्याला मुख्यतः स्टारकॉम21 ऐकायचे आहे त्याने 800 मेगाहर्ट्झचा आखूड अँटेना लावावा. माळ्यावर अँटेना बसवणार असाल तर केबलवर पैसे वाचवू नयेत. 800 मेगाहर्ट्झला बारीक आरजी-58 केबल उंचीने मिळवलेला फायदा वाटेतच खाऊन टाकते, म्हणून लांब अंतरासाठी एलएमआर-400 सारखी जाड केबल घ्यावी.

यानंतरचे काही दिवस केवळ ऐकावे. ज्या टॉकग्रुपचा कंटाळा येईल त्यावर अव्हॉइड बटण एकदा दाबावे, म्हणजे यंत्र बंद होईपर्यंत तो वगळला जाईल. लागोपाठ दोनदा दाबल्यास कायमचा. उलट, आगीची हाक डिस्पॅचवर ऐकू आली आणि पुढचे बोलणे कुठे गेले ते कळले नाही, तर सेंटिनेलमध्ये त्या यंत्रणेसाठी आयडी सर्च लावून पाहावे. तेव्हा यादीत नसलेले टॉकग्रुपही ऐकू येतात आणि त्यांचे क्रमांक पडद्यावर दिसतात. असे सापडलेले क्रमांक वहीत तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत आणि दोन-तीनदा तेच कामकाज ऐकू आल्यावरच यादीत भरावेत.

डेटाबेस दर आठवड्याला अद्ययावत होतो, परंतु त्याने आपण तयार केलेली फेव्हरिट्स लिस्ट आपोआप बदलत नाही. म्हणून एखाद्या दिवशी यंत्र अचानक मुके झाले तर काउंटीच्या पानावर जाऊन कंट्रोल चॅनल बदलला आहे का, टॉकग्रुप नव्या यंत्रणेवर गेला आहे का आणि मोडच्या रकान्यात ई उगवला आहे का, हे याच क्रमाने पाहावे. पहिल्या दोहोंपैकी काही असेल तर पाच मिनिटांची दुरुस्ती करून यादी पुन्हा यंत्रात लिहावी. तिसरे असेल तर तो टॉकग्रुप यादीतून कायमचा काढून टाकावा.